दोन्ही पाय एकदम

आमच्या घरात मोटार आली ती बैलांनी ओढत आणली. गिरणीतला कोणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. त्याची ही उघडी, वर कॅनव्हासचं छत असलेली गाडी नायनांनी घेतली, आणि घेऊन झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या साऱ्या भाऊबंदांत ती चालवणारा एकही नाही. साखर पेठेतल्या आमच्या बोळात ती बैलजोडीमागून डुलत आली, तेव्हा दोन्ही बाजूंचे माग थांबले आणि बायका कांड्या भरायच्या सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. नायना म्हणजे माझे वडील. आम्ही पद्मशाली, मूळचे तेलंगणातले. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि भांडण झालं तर दोन्ही. नायनांचा हातमागांचा लहानसा कारखाना होता, तिथली लुगडी बार्शीच्या बाजारात जायची. गाठोडी न्यायला गाडी घेतली असं ते येईल-जाईल त्याला सांगत. खरं कारण अम्मा होती, आणि ते सगळ्या पेठेला ठाऊक होतं.

अम्माला दम लागायचा. पावलं सुजून इतकी जड झाली होती की ओट्यावरून न्हाणीपर्यंत जायचं तर मधे भिंत धरून उभी राहायची. तरी स्वयंपाक सोडला नव्हता. चुलीपुढं पाट टाकून बसायची, तिथूनच भाकऱ्या थापायची, तिथूनच सगळ्यांवर ओरडायची. अंबाडीच्या भाजीला आम्ही पुंटिकुरा म्हणतो. लसणाची करकरीत फोडणी दिलेली तिची ती भाजी, कडक भाकरी आणि चिंचेचं न उकळलेलं सार, एवढ्यावर मागावरची माणसं खूश असायची. मी तान्हा असताना कसल्याशा तापानं जायला लागलो होतो, तेव्हा तिनं तुळजापूरच्या देवीला नवस बोलला होता. पोर जगलं तर घरच्या मागावरचं लुगडं स्वतःच्या हातानं आणून नेसवीन. पोर जगलं, त्याचं नाव अंबादास ठेवलं, आणि नवस आज जाऊ उद्या जाऊ करत राहून गेला. आता तिला एकच घोर लागला होता, देवीचं देणं डोक्यावर घेऊन आपण मरणार. एकदा बैलगाडीत बसवून तिला तळ्यापर्यंत नेऊन पाहिलं. तेवढ्याशा धक्क्यांनी तिचे ओठ निळे पडले आणि गाडी वळवावी लागली. सर्विस मोटारीत, म्हणजे भाड्याच्या बसगाडीत, तर माणसं शेंगांच्या पोत्यांसारखी कोंबायचे. म्हणून साहेबाची मोटार, आणि ती चालवायला एकुलता एक मुलगा, म्हणजे मी.

आता आधी मागाचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत कमरेएवढा खड्डा, त्याच्या काठावर बसायचं आणि पाय आत सोडायचे. खाली पायांशी दोन लाकडी पट्ट्या, त्यांना पावड्या म्हणतात. डावी दाबली की उजवी वर येते, उजवी दाबली की डावी वर. तेवढ्यानं ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर-खाली फाकतात, मधल्या वाटेनं आडव्या धाग्याचा धोटा पळतो, फणीचा ठोका बसतो, आणि पुन्हा पाय बदलायचा. मी शाळेत जायच्या वयापासून तिथं बसत होतो. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि खड्ड्यात उतरायचं. डोक्यात भांडण असो, लग्नाचा विचार असो, पाय आपले चालू. ओट्यावर पाय सोडून नुसता बसलो तरी ते हलत असत. अम्मा म्हणायची, ठोका दाट बसवून मारतो पोरगा, बापाच्या वर जाईल. एका पायाला खाली जायचं तर दुसऱ्यानं वर आलंच पाहिजे, हे माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की ते मुरलंय हेच मला माहीत नव्हतं.

मला शिकवायला मौलाचाचा आले. ते बार्शीच्या सर्विस मोटारीवर ड्रायव्हर होते आणि दुपारी मोकळे असत. नायनांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की पोरगा सकाळभर मागावर बसणार, त्यात खंड पडता कामा नये. मोटार काय ती जेवणानंतर. होटगीच्या रस्त्याला तेव्हा नुसता माळ होता. तिथं चाचा मला चाकाशी बसवत आणि स्वतः शेजारी बसत, पण कसे? दार अर्धं उघडं ठेवून आणि एक पाय बाहेरच्या फळीवर टाकून. "तू चला बेटा, मैं इधरइच हूँ," म्हणायचे. इधरइच म्हणजे अर्धे बाहेर. रोज उडी मारायच्या तयारीत असलेला मास्तर शेजारी बसला की शिकणाऱ्याला काय धीर येणार, तुम्हीच सांगा. मी रस्ता सोडून त्यांच्या त्या बाहेर लोंबणाऱ्या पायाकडंच बघायचो.

गंमत अशी की गाडी उचलायला मला एका दिवसात आली. डावा पाय क्लचवरून हळूहळू वर, उजवा तितकाच हळूहळू खाली, आणि गाडी निघाली. चाचा चाटच पडले. म्हणाले, माझ्या मालकाचे जुने ड्रायव्हर इतकी अलगद उचलत नाहीत. ते खरं होतं, कारण ते मागाचंच काम होतं. रड होती ती थांबवण्याची. थांबायचं तर ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबायचे, दोन्ही पाय एकदम खाली. ते माझ्या बापजन्मी घडलं नव्हतं. उजव्यानं ब्रेक दाबला की डावा आपोआप वर. मग इंजिन असा हिसका देऊन बंद पडायचं की चाचांची टोपी पुढं काचेवर. ते ओरडायचे, क्लच, क्लच. मी घाबरून डावा दाबायचो, तर उजवा ब्रेकवरून वर, आणि गाडी मोकळी सुटायची. चाचा कपाळ बडवून विचारत, "कायकू उठाया रे पैर?" मी उचललाच नव्हता. तो उठला होता.

एकदा परतताना रेल्वेचं फाटक लागलं. रस्ता फाटकाकडं जरा उतरता होता. मालगाडी येत होती, फाटक पडलं होतं. मी ब्रेक दाबला, गाडी मंदावली, डावा पाय वर आला, इंजिन गचके द्यायला लागलं, मी क्लच दाबला, आणि गाडी पुन्हा सरकली. असं दोनदा झालं. चाचा तोवर रस्त्यावर उतरून गाडीबरोबर पळत होते, आणि पळता पळता त्यांनी आत हात घालून हातब्रेक ओढला. समोरचा दिवा फाटकाच्या दांडीला लागून थांबला. पलीकडून एकेक डबा धडधडत जाताना मी बघत होतो. चाचांनी दम खात खात मला एवढंच विचारलं की तुझ्या पायांत कोण आहे. मला वाटतं तेही घाबरले होते, कारण त्यानंतर त्यांनी मला शिवी दिली नाही.

तेव्हापासून भीती अंगातच राहायला आली. घास तोंडात फिरायचा. खड्ड्यात बसलो की मी पायांकडं बघायचो, आणि मागाशी बसून पायांकडं बघणारा विणकर म्हणजे काय विचारता, धागे तुटायला लागले. कोणी सांगेल, एवढं काय, पायांची सवय बदलायची. माझी नात दारातून स्कूटर काढते, तिला क्लच नाही, गेर नाही, पाय नुसते फळीवर ठेवून भुर्र जाते. तिला मी हे सांगायला लागलो की म्हणते, आजोबा, ब्रेक दाबायचा की. ब्रेक दाबायचा की! जणू मला ठाऊकच नव्हतं.

मी नायनांना स्पष्ट सांगितलं. ते सुताला खळ लावत होते. म्हटलं, तुळजापूरचा घाट मी चढेन, चढायची मला भीती नाही, पण उतारावर माझे पाय ऐकत नाहीत, मला खाली येता येणार नाही. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "चढलास तर उतरशीलच की." त्यांना वाटलं, पोरगं मागावरून उठायला मागत नाही म्हणून सबबी सांगतंय. आणि खरं तर त्यांना ऐकून घ्यायचंच नव्हतं. अम्माचा दम दिवसेंदिवस वाढत होता. मग ठरलं की घाटात मौलाचाचा चालवतील. माझा जीव भांड्यात पडला.

मंगळवार धरला होता. पहाटेच अम्मा न्हाऊन, कुंकू लावून गाडीत जाऊन बसली होती. मागच्या बाजूला धक्के जास्त म्हणून पुढं, माझ्या शेजारी. मांडीवर देवीचं हिरवं लुगडं. ते मीच विणलं होतं. आणि तेवढ्यात निरोप आला की मौलाचाचांना मालकानं बार्शीला पाठवलंय, येत नाहीत. मी नायनांकडं बघितलं. नायना अम्माकडं बघत होते. तिला उठवून पुन्हा घरात न्यायचं म्हणजे नुसतं घरात न्यायचं नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन ते मुकाट्यानं मागं बसले. मी हँडल मारलं.

रस्ता सपाट होता तोवर बरं चाललं होतं. मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या हद्दीच्या, नाक्यावर शिपायानं गाठोडं उचकून पाहिलं, चटणीचा वास घेतला आणि सोडलं. घाट लागला. चढाला माझे पाय खरोखर राजासारखे चालले. वळणावर गाडी हळू करायची, पुन्हा उचलायची, कुठं गचका नाही की हिसका नाही. अम्मा हरखून दरीत बघत होती, हे झाड बघ, ती शेळी बघ. मला झाडही दिसत नव्हतं आणि शेळीही. मी प्रत्येक वळण मनात उलटं करून बघत होतो, हे खाली येताना कसं असेल. वर पोचल्यावर देवळाच्या पायऱ्या उतरायला दोन गड्यांनी अम्माला खुर्चीत बसवून उचललं. मी मागून त्या दोघांचे पाय बघत होतो, एक खाली, मग दुसरा खाली. लुगडं देवीला नेसवलं गेलं. अम्मा रडली, हसली, पुजाऱ्याला म्हणाली, हा तो, हाच. पुजाऱ्यानं माझ्या कपाळाला कुंकू फासलं. आयुष्यात पहिल्यांदा देवीसमोर उभा होतो, आणि मी मागितलं एवढंच की मला खाली जायला लावू नको.

उतरताना मी पहिला गेर टाकला. चाचांनी सांगितलं होतं, उताराला पहिल्या गेरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. पहिली वळणं तशी गेली. हात घामानं चाकावरून घसरत होते. मग एका वळणापलीकडून कडब्याच्या गाड्या वर येताना दिसल्या, एकामागं एक. मी पोंगा वाजवला, आणि तीच चूक झाली. पहिल्या गाडीचा बैल बुजला, जू घेऊन आडवा फिरला, आणि कडब्यासकट गाडी रस्त्यात आडवी झाली. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी. मी ब्रेक दाबला. गाडी मंदावली, इंजिन गचके द्यायला लागलं, आणि माझ्या कानात चाचा ओरडले, क्लच. डावा खाली गेला, उजवा वर आला. गाडी सुटली. उजवा दाबला, डावा वर, हिसका. डावा खाली, उजवा वर, पुन्हा सुटली, आधीपेक्षा जोरात. आज कळतं, डावा वरच राहू दिला असता तर इंजिन बंद पडून तरी गाडी थांबली असती, नाहीतर हातब्रेक तरी ओढायचा. पण तेव्हा पायांना विचारतो कोण? मी तुळजापूरचा घाट विणत खाली चाललो होतो. गाडीवान जू सोडायला धडपडत होता, त्याचं उघडं तोंड मला दिसलं. मला वाटलं, नवस फिटला आणि आता देवी घेणार, तिघांनाही.

अम्मा वाकली. जिला भाकरी उलटताना धाप लागायची ती माझी अम्मा माझ्यावर आडवी झाली, दोन्ही हात माझ्या उजव्या गुडघ्यावर टाकले आणि सगळा भार त्याच्यावर दिला.

"एत्तकु, बिड्डा," ती म्हणाली. "एत्तकु."

उचलू नको, पोरा. उचलू नको. मी डावा दाबला. उजवा वर यायला धडपडला, तिच्या हाताखाली मला तो धडपडताना कळला, आणि त्याला येता आलं नाही. दोन्ही पाय खाली होते. गाडी घसरत, खडी उडवत गेली आणि थांबली. बैलाचं शिंग पुढच्या दिव्याच्या वर होतं आणि त्याचा श्वास काचेवर येत होता.

गाडीवानानं धावत येऊन चाकांपुढं दगड लावले. "मालक, बैल बुजला वं माजा," तोच आम्हाला सांगत होता, बिचारा. मग अम्माचा निळा पडलेला चेहरा बघून म्हणाला, आजीला उतरवा की, माज्या गाडीत घालतो, खालपतूर सावकाश पोचवतो. नायना उतरून तिच्या दाराशी आले. तेही तेच म्हणत होते. अम्माला बोलायला दम पुरत नव्हता. तिनं मान हलवली. हात माझ्या गुडघ्यावरच ठेवला होता. बऱ्याच वेळानं, श्वास जमा करून ती म्हणाली की मी उतरले तर हा पोरगा पुन्हा या चाकाला हात लावणार नाही, आणि मला अजून पुष्कळ ठिकाणी जायचंय. हँडल या वेळी नायनांनी मारलं. उरलेला घाट आम्ही तसाच उतरलो. थांबायची वेळ आली की ती भार द्यायची, सोडायची वेळ आली की हात हलका करायची. तिला क्लच म्हणजे काय हे शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

खाली सपाटीला लागल्यावर नायनांनी गाडी थांबवायला सांगितलं. ते उतरले, बाभळीला टेकून उभे राहिले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. मी जवळ गेलो तो बोलणी खायची तयारी ठेवूनच. ते आपल्या पायांकडं बघत होते.

"मागं बसून माझेही तसेच चालत होते," ते म्हणाले. "एक खाली, एक वर. मला दिसलं." मग माझ्याकडं बघून, "उद्यापासून तू मागावर बसू नको."

कोणाला वाटेल, मला सुटल्यासारखं झालं असेल. छे. मला घरातून काढल्यासारखं झालं. एकुलता एक मी, आणि आमच्यात माग बापाकडून मुलाकडंच जायचा. नायनांना ते माझ्याहून जास्त कळत होतं. पण त्यांना अम्मा गाडीत बसलेली दिसत होती आणि माझे पाय दिसत होते, आणि दोन्हीकडं ते पाय पुरणार नव्हते. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, मी सवयीनं उठलो, आणि बघतो तर माझ्या खड्ड्यात नायना स्वतः उतरलेले. माझं अर्धं राहिलेलं लुगडं ते विणत होते. मी परसात जाऊन रडलो. मग पाय सुधारले. महिने लागले, पण सुधारले. अम्माला मी अक्कलकोटला नेलं, बार्शीला भगवंताला नेलं, तिच्या बहिणीकडं नेलं. बऱ्याच उतारांवर तिचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा, मग येईनासा झाला. ती गेली ती घरात, चुलीपाशी, शांतपणे गेली. डोक्यावर कोणाचं देणं नव्हतं.

तिच्यामागं नायना खचले. एके दुपारी त्यांना मागावरच भोवळ आली. उचलून शेजारच्या खोलीत खाटेवर निजवलं. लुगडं संपायला वीतभर राहिलं होतं. दुसऱ्या विणकराला ते हात लावू देईनात, म्हणाले, ठोका बदलतो, गिऱ्हाइकाला कळतं. मला हाक मारून म्हणाले, अंबादास, एवढं तू विणून उतरवून दे. किती वर्षांनी! मी पाय धुतले, खड्ड्याला नमस्कार केला आणि बसलो. पावड्या त्याच होत्या, नायनांच्या पायांनी गुळगुळीत झालेल्या. उजवी दाबली. डावा पाय तिच्याबरोबरच खाली गेला. धागे फाकले नाहीत. सगळा ताणा तसाच एका पातळीत राहिला, धोट्याला वाट नाही. मी डावा वर उचलून धरला, पुन्हा उजवी दाबली, आणि पुन्हा दोन्ही पाय एकदम खाली. हातानं गुडघा धरून बघितला. माग मुका बसून राहिला.

पलीकडच्या खोलीत नायना आवाजाची वाट बघत होते. मग तिथूनच म्हणाले, "राहू दे, बिड्डा. शिकले पाय तुझे."